नाकबूल

भांडी बाजारात शटर अर्धं ओढलं
की माडीवर आमचं जग सुरू होतं.
रविवार, रात्री साडेनऊ. गार झालेले उलटे वडापाव,
आणि फुलपात्रात वीस अंगांचा फासा.
तांब्यावर तो असा वाजतो
की खाली दुकानात घंगाळं दचकतात.

जग मी रचलंय. नकाशा बिलबुकाच्या पाठीवर.
कोरडवाटेच्या डोंगरांतून अजून उलटं दिसतं:
हंडा एक, वजन चार किलो दोनशे.

इथे जादू एक नाही.
वहीकर नाव जाळतात. ज्याचं नाव, त्याचं बळ.
आधी परक्यांची नावं, मग सोयऱ्यांची,
अगदी मोठ्या मंत्राला स्वतःचं.
उसनवार म्हणतात, मंत्र म्हणजे कर्ज:
आज वीज मागितलीत
तर सातव्या वर्षी कुणीतरी दारात येईल
आणि तुमची सावली मोजून नेईल.
दोघे एकमेकांना भोंदू म्हणतात.
दोघांचेही मंत्र लागू पडतात.

“पण खरं कोणाचं?” फरझाना विचारते, दर रविवारी.
मी म्हणते, फासा टाक.
ती नाशिकरोडच्या छापखान्यात असते.
“नंबर पडेपर्यंत नुसता कागद असतो गं तो,” म्हणते,
“मग एकदम सगळ्यांचा विश्वास बसतो.”
ती उसनवार आहे, हे सांगायला नकोच.

श्रीनिकेत गायधनी वहीकर.
त्याच्या घरी, गंगेवर, लाल फडक्यात बांधलेल्या वह्या;
त्यांत आम्हा कासारांच्या सात पिढ्या,
कोण कधी आलं, कुणाच्या अस्थी घेऊन.
खेळात पहिलं नाव जाळलं
तेव्हा तो उठून हात धुऊन आला.
भीमराजने एकदा सहज विचारलं होतं,
“आमचं पान असेल का रे?”
पाहतो, म्हणाला.
दोन वर्षं झाली. पाहतोय.

भीमराज पगारे, अंबडला लेथवर.
नखांत तेल, म्हणून फासा चिमटीत धरतो.
त्याने घेतला तो पंथ मी कुणी घेणार नाही म्हणून लिहिला होता,
दीड ओळीत: नाकबूल.
यांना मंत्र येत नाहीत.
यांना मंत्र लागत नाहीत.

परवा त्यांना डोंगरातलं देऊळ लागलं. दार बंद.
श्रीनिकेतने तीन नावं जाळली, राख कडीपर्यंतही पोचली नाही.
फरझानाने अकरा वर्षांचं कर्ज काढलं,
फासा घरंगळत पायलीमागे गेला,
टॉर्च लावून पाहिलं तर: दोन.
दार बंद.

“मी बसतो,” भीमराज म्हणाला.
कुठे?
“दारासमोर.”
बरं, पण फासा कशावर टाकणार? बळ? बुद्धी? श्रद्धा?
“कशावरच नाही. बसतो.”

माझ्या वहीत विजेचा तक्ता आहे,
विषाचा, वादळाचा, शापाचा, शाप उलटण्याचा.
बसण्याचा तक्ता नाही.

तो वडापावचा कागद घडी करत होता, चार पदरी, आठ पदरी.
“पणजोबा बसले होते,” म्हणाला.
“पाच वर्षं.”
कुठल्या दारासमोर, ते नाशकात सांगावं लागत नाही.
पूल ओलांडला की पंचवटी.

श्रीनिकेत चहा आणायला उठला.
चार कप चहाला वीस मिनिटं लागली.
तेवढ्यात फरझानाने मागच्या पानावर हिशेब मांडला,
खोडला, परत मांडला:
“कर्ज तर त्याने काढलंच नाही. मग व्याज
दारावर चढतंय का गं?”

माझं म्हणाल तर
मला एकच जादू डोळ्यांनी दिसलेली आहे:
नवसागराची चिमूट, धूर,
आणि काळ्या पातेल्यात कथलाचं पांढरं पसरत जाणं.
ती आमच्यात कुणी नाव जाळून केली नाही.
हात भाजले, एवढंच.

चहा आला. कुणी बोललं नाही.
श्रीनिकेतने भीमराजचा कप आधी पुढे केला
की तोच जवळ होता, कोण जाणे.

मी बिलबुकाचं कोरं पान काढलं.
मालाच्या रकान्यात लिहिलं: दिवस पहिला.
वजनाच्या रकान्यात
काय लिहावं कळेना.